भांड्यात उरलं काय? आम्लधर्मी बफर ओळखण्याचा हिशोब

१०० मिलिलीटर ०.१ मोलार (म्हणजे लीटरला ०.१ मोल; मोल हे रेणू मोजण्याचं माप) ॲसेटिक आम्ल घेतलं आणि त्यात १०० मिलिलीटर ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं. बफर झाला का? म्हणजे बाहेरून थोडं आम्ल किंवा आम्लारी (बेस) आली तरी आपली आम्लता फारशी बदलू न देणारं द्रावण तयार झालं का?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण क्षणभरही न थांबता ‘हो’ म्हणतात. कारणही ऐकायला ठीक वाटतं. ॲसेटिक आम्ल दुर्बल आहे, सोडियम हायड्रॉक्साइडमुळे त्याचा क्षार म्हणजे सोडियम ॲसिटेट तयार होतो, आणि दुर्बल आम्ल अधिक त्याचाच क्षार म्हणजे आम्लधर्मी बफर, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. व्याख्या बरोबर आहे, उत्तर मात्र चुकलं. त्या भांड्यात आता ॲसेटिक आम्ल जवळपास शिल्लकच नाही. होतं नव्हतं ते सगळं सोडियम हायड्रॉक्साइडने खाऊन टाकलं. उरलं ते नुसतं सोडियम ॲसिटेटचं द्रावण, पीएच (आम्लता सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) साधारण ८.७.

आता एकच आकडा बदलू. आम्ल ०.१ ऐवजी ०.२ मोलार घेऊ, बाकी सगळं तसंच. या वेळी मात्र बफर तयार होतो, आणि तोही अगदी सुरेख, ४.७६ पीएचचा.

दोन्ही वेळा बाटल्यांवरची नावं तीच होती. म्हणजे नुसती नावं वाचून या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. ओतून झाल्यावर, अभिक्रिया आटोपल्यावर, भांड्यात काय आणि किती उरलं हे पाहावं लागतं. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका हिशोबाभोवतीच फिरतं.

आधी बफर करतो काय ते पाहू. एक लीटर शुद्ध पाणी घ्या, पीएच ७. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की पीएच थेट २ वर येतो. पाच अंकांची घसरण, म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती एक लाख पटीने वाढली. आता दुसऱ्या एक लीटर पाण्यात ०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट विरघळवून ठेवलंय असं समजा. त्याचा पीएच ४.७६. त्यातही तेवढंच, ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. पीएच येतो ४.६७ वर. दहाव्या भागाचाही फरक नाही.

असं का होतं? बाहेरून आलेल्या हायड्रोजन आयनांना ॲसिटेट आयन पकडून ठेवतात आणि त्यांचं ॲसेटिक आम्ल बनवतात. त्या आम्लाचे रेणू हायड्रोजन सहजासहजी सोडत नाहीत, त्यामुळे आलेला पाहुणा आतच अडकतो. उलट बाजूने सोडियम हायड्रॉक्साइड आलं तर ॲसेटिक आम्ल पुढे होतं, आपला हायड्रोजन देऊन हायड्रॉक्साइडचं पाणी करून टाकतं. दोन्ही दारांवर एकेक राखणदार हवा. आम्ल अडवायला एक, आम्लारी अडवायला एक. त्यातला एक जरी नसला तरी एक दार उघडंच राहतं. सुरुवातीच्या उदाहरणात नेमकं हेच झालं होतं: ॲसिटेट होतं, आम्ल नव्हतं.

हे दोन राखणदार एकाच घरातले असावे लागतात. ॲसेटिक आम्लातून एक हायड्रोजन आयन गेला की जे उरतं ते ॲसिटेट. याला संयुग्मी आम्लारी म्हणतात. फॉर्मिक आम्लाची संयुग्मी आम्लारी फॉर्मेट, बेन्झोइकची बेन्झोएट, कार्बोनिक आम्लाची बायकार्बोनेट. सोडियम किंवा पोटॅशियम हे नुसते सोबतीला आलेले असतात. सोडियम ॲसिटेट आहे की पोटॅशियम ॲसिटेट याने आपल्या हिशोबात काही फरक पडत नाही.

इथे मराठीतला एक घोटाळा सांगायलाच हवा. आपल्याकडे ‘सौम्य’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. जे आम्ल पाण्यात पूर्ण विचरित होत नाही, म्हणजे आयनांत पूर्ण सुटं होत नाही, तेही सौम्य, आणि भरपूर पाणी घालून पातळ केलेलं तेही सौम्य. मग कुणी ०.००१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल पाहतो आणि म्हणतो, हे तर सौम्यच आहे की, म्हणजे बफर होईल! नाही होणार. पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल विरल झालं, स्वभावाने ते तीव्रच राहिलं. म्हणून मी या लेखात स्वभावासाठी ‘दुर्बल’ आणि पातळपणासाठी ‘विरल’ असे दोन वेगळे शब्द वापरतो आहे. विद्यार्थ्यांनीही ही सवय लावून घ्यावी असं मला वाटतं, निम्म्या चुका तिथेच टळतात.

तीव्र आम्लाचा बफर का होत नाही हेही यातूनच कळतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम क्लोराइड एकत्र केलं, तर कागदावर जोडी अगदी बरोबर दिसते: आम्ल आणि त्याचाच क्षार. पण क्लोराइड आयनाला हायड्रोजन पकडण्यात काडीचाही रस नाही. बाहेरून आणखी आम्ल आलं तर तो बघत बसतो. नायट्रिक आम्ल आणि नायट्रेट, परक्लोरिक आणि परक्लोरेट, सगळ्यांची हीच गत. तेव्हा पहिली चाळणी ही की आम्ल दुर्बल हवं.

आता हिशोब. मिलिलीटर गुणिले मोलार म्हणजे मिलिमोल, एवढं पाठ असलं की पुरे. सुरुवातीच्या दुसऱ्या उदाहरणात १०० गुणिले ०.२ म्हणजे २० मिलिमोल ॲसेटिक आम्ल, आणि १०० गुणिले ०.१ म्हणजे १० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड. हायड्रॉक्साइड तीव्र आहे, ते समोर येईल त्या आम्लाशी पूर्ण अभिक्रिया करतं. दहाने दहा खाल्ले. उरलं १० मिलिमोल आम्ल, तयार झालं १० मिलिमोल ॲसिटेट. दोन्ही राखणदार हजर, तेही सारख्या संख्येने.

पहिल्या उदाहरणात दहाला दहा होते, म्हणून आम्ल संपलं. आणि सोडियम हायड्रॉक्साइड ०.२ मोलार घेतलं असतं तर? मग आम्ल तर संपतंच, वर १० मिलिमोल हायड्रॉक्साइड मोकळं राहतं. २०० मिलिलीटरमध्ये १० मिलिमोल म्हणजे ०.०५ मोलार, पीएच १२.७. असं मिश्रण आम्लधर्मी तर सोडाच, बफर म्हणायच्याही लायकीचं नाही.

थोडक्यात तीव्र आम्लारी कमी पडली पाहिजे. दुर्बल आम्ल जास्त, तीव्र आम्लारी कमी.

हे प्रत्यक्ष पाहण्यासारखं असतं. चंचुपात्रात ५० मिलिलीटर ०.१ मोलार ॲसेटिक आम्ल, आत पीएच मीटरचा इलेक्ट्रोड, खाली भिरभिरणारी चुंबकाची दांडी, वर ब्युरेटमध्ये ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला आकडा २.९ च्या आसपास. तोटी उघडली की पहिल्या काही मिलिलीटरना आकडा बऱ्यापैकी उडी मारतो, ५ मिलिलीटर पडेपर्यंत ३.८. मग मात्र त्याला सुस्ती येते. २४ मिलिलीटरला ४.७३, २५ ला ४.७६, २६ ला ४.७९. दोन मिलिलीटर पडले आणि काटा जेमतेम हलला. ४५ मिलिलीटरला ५.७, ४९ ला ६.४५. आणि मग घात होतो. ५० मिलिलीटरला ८.७, ५१ ला ११. इथेही दोनच मिलिलीटर पडले, पण पीएच साडेचार अंकांनी वर गेला. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मधल्या सुस्तीला कंटाळून तोटी मोठी उघडली आणि शेवटची उडी डोळ्यादेखत हुकवली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

ती मधली सुस्ती म्हणजेच बफर. एकाच भांड्यात, त्याच दोन रसायनांनी, कधी बफर असतो आणि कधी नसतो. साधारण ५ ते ४५ मिलिलीटर या पट्ट्यात तो जोमात असतो, ५० ला संपलेला असतो. परीक्षेतले अर्धेअधिक प्रश्न म्हणजे या एका प्रयोगातल्या वेगवेगळ्या क्षणांचे फोटो असतात. आकडे बघा आणि आपण कुठल्या क्षणी उभे आहोत ते ओळखा, की काम झालं.

आता मागच्या दाराने येणारा बफर. ५० मिलिलीटर ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १०० मिलिलीटर ०.१ मोलार सोडियम ॲसिटेट. तीव्र आम्ल दिसलं की लोक हे मिश्रण लगेच बाद करतात. पण हिशोब मांडा. ५ मिलिमोल हायड्रोजन आयन आले, १० मिलिमोल ॲसिटेट वाट पाहत होते. पाचांनी पाच पकडले आणि त्यांचं ॲसेटिक आम्ल झालं. शिल्लक ५ ॲसिटेट, ५ ॲसेटिक आम्ल. बाटलीतून दुर्बल आम्लाचा एक थेंबही ओतला नव्हता, तरी ते भांड्यातच जन्माला आलं आणि बफर झाला. पीएच पुन्हा ४.७६. अट तीच, उलट बाजूने: क्षार जास्त, तीव्र आम्ल कमी. दोन्ही समसमान असते तर नुसतं ॲसेटिक आम्ल उरलं असतं, आणि तीव्र आम्ल जास्त झालं असतं तर ॲसिटेट नावालाही राहिलं नसतं.

मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण इथे पाठांतर पूर्ण उघडं पडतं. ‘दुर्बल आम्ल अधिक त्याचा क्षार’ एवढंच घोकलेल्या माणसाला या मिश्रणात दुर्बल आम्ल सापडतच नाही.

असेच आणखी काही चकवे आहेत. २० मिलिमोल ॲसेटिक आम्ल आणि १० मिलिमोल अमोनिया. अमोनिया दुर्बल आम्लारी, म्हणजे इथे तीव्र असं कुणीच नाही. तरी अमोनिया ॲसेटिक आम्लाचा हायड्रोजन ओढून घेण्याइतका समर्थ आहे, अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते. उरतं १० मिलिमोल आम्ल, १० ॲसिटेट आणि १० अमोनियम (हायड्रोजन आयन घेतलेला अमोनिया). अमोनियम या पीएचला गप्प बसून राहतो. मिश्रण आम्लधर्मी बफर, पीएच ४.७६. प्रमाण उलटं करा, अमोनिया २० आणि आम्ल १०, की अमोनिया आणि अमोनियमची जोडी उरते आणि ९.२५ पीएचचा आम्लारिधर्मी बफर मिळतो.

अमोनियम क्लोराइडमध्ये अर्ध्या प्रमाणात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं तरी हाच आम्लारिधर्मी बफर मिळतो. हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक आम्लाचं मिश्रण? दोन्ही आम्लंच, आम्ल अडवणारं कुणी नाही. ॲसेटिक आम्ल आणि सोडियम क्लोराइड? क्लोराइडचा इथे काही संबंधच नाही. असले पर्याय दोन सेकंदांत खोडावेत.

फॉस्फेटची जोडी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नावात कुठेच ‘आम्ल’ नाही, दोन्ही क्षार. पण दोघांत फरक एकाच हायड्रोजन आयनाचा आहे, आणि ज्याच्याकडे तो जास्तीचा आहे तो या जोडीतलं दुर्बल आम्ल. म्हणजे बफर पक्का. जोडी ओळखताना ‘आम्ल’ हा शब्द शोधू नये, एका हायड्रोजनचा फरक शोधावा. पीएच मीटर जुळवण्यासाठी वापरतात ते ६.८६ चं प्रमाण द्रावण या दोन जातीच्या फॉस्फेटचं समप्रमाणातलं मिश्रण असतं. पुढे येणाऱ्या सूत्राने काढलं तर आकडा ७.२ येतो. द्रावणातले आयन एकमेकांना ओढतात, त्यामुळे ते जितके आहेत त्यापेक्षा कमी असल्यासारखे वागतात, आणि हा फरक पडतो.

आणि एक मिश्रण असं, ज्याचं परीक्षेतलं उत्तर आणि भांड्यातलं उत्तर वेगळं आहे. ॲसेटिक आम्ल आणि सोडियम फॉर्मेट, दोन्ही समप्रमाणात. आम्ल एका घरचं, क्षार दुसऱ्या घरचा. व्याख्येवर बोट ठेवणारा म्हणतो, बफर नाही. पण भांड्यातले रेणू व्याख्या वाचत नाहीत. फॉर्मेट काही ॲसेटिक आम्लाकडून हायड्रोजन घेतो, स्वतः फॉर्मिक आम्ल होतो आणि बदल्यात ॲसिटेट तयार होतो. समतोल आल्यावर साधारण चोवीस टक्के अदलाबदल झालेली असते. म्हणजे एकाच भांड्यात दोन पूर्ण जोड्या, आणि द्रावण ४.२५ च्या आसपास चांगला बफर म्हणून वागतं. बहुपर्यायी प्रश्नात काय लिहायचं ते प्रश्न विचारणाऱ्याच्या मनावर आहे. प्रयोगशाळेत मात्र मी मीटरवर विश्वास ठेवीन.

पीएचचे हे आकडे कुठून येतात? प्रत्येक दुर्बल आम्लाचा, ते किती दुर्बल आहे हे सांगणारा, एक स्वतःचा आकडा असतो, पीकेए. ॲसेटिक आम्लाचा ४.७६, फॉर्मिकचा ३.७५, बेन्झोइकचा ४.२. सूत्र असं:

पीएच = पीकेए + लॉग (संयुग्मी आम्लारी ÷ आम्ल)

दोन्ही समसमान असले की लॉग शून्य होतो आणि पीएच थेट पीकेए एवढा येतो. म्हणूनच वर ४.७६ पुन्हा पुन्हा आलं. प्रमाण दहास एक झालं की पीएच एका अंकाने वर, एकास दहा झालं की एका अंकाने खाली. या दोन टोकांच्या पलीकडे एक राखणदार इतका एकटा पडतो की त्या मिश्रणाला बफर म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. प्रयोगातला ५ ते ४५ मिलिलीटरचा पट्टा साधारण याच मर्यादेत बसतो. सूत्रामागचा विचार अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मांडला. पीएचची मोजपट्टीच तेव्हा नव्हती, ती डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी १९०९ मध्ये आणली. मग १९१६ मध्ये डेन्मार्कच्या हासेलबाल्क यांनी हेंडरसन यांचं समीकरण लॉगच्या रूपात लिहिलं. दोघांनाही खरं कुतूहल होतं ते रक्ताचं.

आणि रक्तामुळेच ‘आम्लधर्मी’ या शब्दाची पंचाईत होते. रक्तातली मुख्य बफर जोडी म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, जो कार्बोनिक आम्लासारखा वागतो, आणि बायकार्बोनेट. दुर्बल आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी, म्हणजे घडणीने हा आम्लधर्मी बफर. पण शरीराच्या तापमानाला या जोडीचा पीकेए ६.१ आणि बायकार्बोनेट वीसपट जास्त, त्यामुळे पीएच ७.४, म्हणजे किंचित आम्लारीकडे झुकलेला. हायड्रोजन सायनाइड आणि सोडियम सायनाइडची जोडी तर समप्रमाणात ९.२ वर जाते. घडण आम्लधर्मी, पीएच सरळ सरळ आम्लारीचा. उलटही घडतं: पिरिडीन ही दुर्बल आम्लारी, तिचा आणि तिच्या क्षाराचा बफर ५.२ च्या आसपास असतो.

पाठ्यपुस्तकं घडणीवरून नाव देतात, काही जण पीएच ७ च्या खाली असण्यावरून. ॲसेटिक, फॉर्मिक, बेन्झोइक अशा नेहमीच्या आम्लांसाठी दोन्ही उत्तरं जुळतात, म्हणून हा वाद सहसा डोकं वर काढत नाही. मला स्वतःला पीएचवरून दिलेलं नाव जास्त प्रामाणिक वाटतं, पण प्रश्नपत्रिका माझ्या मताने निघत नाहीत.

एक शंका हमखास येते. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात थोडंसं आणखी आम्ल टाकलं तरी त्याचाही पीएच फारसा हलत नाही, मग तोही बफर का नाही? त्यात दहापट होईल इतकं पाणी घालून पाहा. पीएच १ वरून २ वर जातो. ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेटच्या ०.१ मोलार बफरमध्ये तेवढंच पाणी घाला, पीएच जवळपास जागचा हलत नाही, कारण दोघंही सारखेच विरल होतात आणि त्यांचं प्रमाण तेच राहतं. मात्र झेलण्याची ताकद घटते. ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मोलार जोडीने सहज पचवलं होतं, ०.०१ मोलार जोडीच्या एक लीटरमधलं सगळं ॲसिटेट तेवढ्यानेच संपेल.

शेवटचा चकवा. पीएच मीटर जुळवायच्या दुसऱ्या बाटलीत, ४.०१ वाल्या, एकच पदार्थ असतो: पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. जोडी कुठे आहे? थॅलिक आम्लाला सोडण्याजोगे दोन हायड्रोजन असतात, पीकेए २.९५ आणि ५.४१. हायड्रोजन थॅलेट मधल्या पायरीवर उभा. त्यातले काही आयन आपसातच देवाणघेवाण करतात: एक हायड्रोजन देऊन थॅलेट होतो, दुसरा घेऊन थॅलिक आम्ल. शंभरातले सुमारे पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. दोन्ही पीकेए जवळजवळ असल्यामुळे हे शक्य होतं आणि द्रावण बऱ्यापैकी तग धरतं. अमोनियम ॲसिटेटही असंच करू पाहतं, पण तिथले दोन आकडे ४.७६ आणि ९.२५ इतके लांब आहेत की अदलाबदल हजारात सहाच्या आसपास होते. त्याचा पीएच ७ असतो खरा, पण तिथे त्याला टिकवून धरणारं फारसं कुणी नसतं.